गुणसूत्रं रंगवायची, की ती रंग धरतात?

प्रश्न नागपुरातल्याच एका प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे. भित्तिपत्रकासाठी तिने लिहिलं, 'गुणसूत्रे रंगवून शिंपल्यांच्या जवळच्या प्रजाती ओळखता येतात.' मैत्रिणी म्हणाल्या, 'रंगवून' म्हटलं की घर रंगवल्यासारखं वाटतं, 'अभिरंजन' हा रंग देण्याच्या क्रियेचा शास्त्रीय शब्द लिही. तिला तो शब्द जड वाटतो. मग लिहायचं काय?

मैत्रिणींची शंका रास्त आहे, त्यांनी सुचवलेला शब्द मात्र मला पटत नाही. 'रंगवणे' या क्रियापदात सगळी सत्ता रंगवणाऱ्याच्या हातात असते. भिंत कुठे पिवळी नि कुठे पांढरी, हे तो ठरवतो. इथे गोष्ट उलटी आहे. काचपट्टीवर सगळीकडे एकच रंगद्रव्य ओततात आणि कोणता भाग ते घेतो, कोणता घेत नाही, हे पाहतात. यासाठी मराठीत सरळ शब्द आहे, 'रंग धरणे'. नागपुरातल्या पाचपावलीकडच्या एखाद्या जुन्या कोष्टी विणकराला विचारा. एकाच भांड्यातला रंग सूत वेगळा धरतं नि रेशीम वेगळा. धरणं हा धाग्याचा गुण आहे, रंगाऱ्याची मर्जी नव्हे.

गंमत अशी की मूळ पाश्चात्त्य नावात हेच आहे. जिवंत पेशीत ही सूत्रं रंगहीन असतात, रंगद्रव्य घातलं की उठून दिसतात. म्हणून जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी 1888 मध्ये ग्रीक शब्द जोडून 'क्रोमोसोम' म्हणजे 'रंग-काया' असं नाव दिलं. गुजरातीने तो अर्थ राखून 'रंगसूत्र' केलं. मराठीने आणि हिंदीने आनुवंशिक गुण वाहून नेण्याचं काम पाहून 'गुणसूत्र' घेतलं. मला 'गुणसूत्र' आवडतो आणि तो बदलू नये. फक्त त्यात रंग दिसत नाही, म्हणून वाक्यातलं क्रियापद नेमकं हवं.

आता शिंपल्यांकडे बघा, म्हणजे क्रियापदाचं महत्त्व कळेल. युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर मायटिलस एड्युलिस, मायटिलस गॅलोप्रोव्हिन्शिअ‍ॅलिस आणि मायटिलस ट्रॉस्युलस असे समुद्री शिंपल्यांचे तीन भाऊबंद राहतात. पाणी, लाटा, अन्न यांप्रमाणे कवचाचा आकार बदलतो, त्यामुळे नुसत्या कवचावरून खात्री होत नाही. जिथे एकत्र येतात तिथे त्यांचा संकरही होतो. गुणसूत्रं मोजावीत, तर तिघांतही 28च. (कोकणातल्या हिरव्या शिनाण्यात, म्हणजे यांच्याच नात्यातल्या शिंपल्यात, 30 आहेत, तिथे मोजणी तरी उपयोगी पडते.) म्हणून कल्ल्यांच्या किंवा भ्रूणाच्या पेशी घेऊन कोल्चिसीनने त्यांचं विभाजन ऐन मोक्याला थांबवतात. हे द्रव्य आपल्या कळलावी या वेलीतही असतं. मग क्षारकमी द्रावणात पेशी फुगवून काचपट्टीवर पसरवतात. बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून गिम्सा रंगद्रव्य दिलं, की गुणसूत्राचे घट्ट गुंडाळलेले भाग गडद रंग धरतात, बाकीचे फिके राहतात. चांदीच्या क्षाराने वेगळ्याच जागा काळ्या होतात. हे पट्टे आणि ठिपके कुठल्या जोडीवर, टोकाशी की मध्ये, यावरून जवळचे भाऊबंद वेगळे करता येतात. म्हणजे ओळख पटते ती रंग दिल्याने नव्हे, रंग धरण्यातल्या फरकाने.

'अभिरंजन' चुकीचा नाही. 'रञ्ज्' धातूतूनच रंग, राग, रक्त, विरक्त आले. पण मराठी कानाला 'रंजन' म्हणजे मनोरंजन, त्यामुळे भित्तिपत्रकासमोर उभा राहिलेला वाचक क्षणभर अडखळेल. शोधनिबंधात खुशाल वापरावा.

विचारलं नव्हतं तरी 'प्रजाती'बद्दल सांगायलाच हवं, कारण नागपुरात हिंदी पुस्तकं हाताशी असतात आणि घोळ तिथून होतो. हिंदीत 'प्रजाति' म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणातली सगळ्यांत खालची पायरी. मराठी परिभाषेत त्या पायरीला 'जाती' म्हणतात आणि 'प्रजाती' ही तिच्या वरची पायरी. म्हणजे मायटिलस ही प्रजाती, एड्युलिस तिच्यातली एक जाती. रोजच्या मराठीत 'प्रजाती' सैल वापरतात, पण प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने तरी हा फरक पाळावा.

आणि शिंपला म्हणजे खरं तर कवच. कन्हानच्या पात्रात सापडते ती शिंप गोड्या पाण्यातली, नात्याने दूरची. खडकाला तंतूंनी चिकटून राहणाऱ्या या समुद्री कुळासाठी कोकणचा 'शिनाणे' हा शब्द आहे. विदर्भात तो कुणी ऐकलेला नसेल, म्हणून पहिल्यांदा 'शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे समुद्री शिंपले' असं लिहून पुढे नुसतं शिनाणे वापरावं. 'कालव' लिहू नका, तो प्राणी निराळा.

तर वाक्य असं करावं: 'गुणसूत्रांचे कोणते भाग रंग धरतात, हे पाहून शिनाण्यांच्या एकाच प्रजातीतल्या जवळच्या जाती वेगळ्या ओळखता येतात.' शब्द थोडे वाढले, चालेल. शीर्षकाला जागा कमी असेल तर 'शिनाण्यांच्या गुणसूत्रांवरचे रंगपट्टे' पुरे.