साखर पाहिलीस का?

तुझं पत्र वाचलं आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसलोय, त्यामुळे कुठे सूर चढला तर समजून घे.

एकाच नमुन्यातले दोन ई. कोलाय जिवाणू. ओळख पटवणारं १६एस जनुक तेच, ओ-अँटिजनचा, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करा-साखळीचा, जनुकसमूहही अक्षरन् अक्षर तोच, आणि तरी तुझा फाज, म्हणजे जिवाणू मारणारा विषाणू, एकालाच फोडतो. गाईड म्हणतात, कंटॅमिनेशन असेल, एक टाकून दे. आणि तू मला विचारतेस, कुठला टाकू? अगं, साखर पाहिलीस का?

ई. कोलायच्या ओ-अँटिजनचे १८०हून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. १६एसला त्यातलं काहीच दिसत नाही, हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू जनुकसमूह वाचलास. तिथवर छान. पण तो समूह म्हणजे साखर नव्हे. साखळीत कोणकोणत्या शर्करा असाव्यात, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो. ती साखळी पेशीबाहेर पोचली का, किती लांब झाली, तिच्यावर मागाहून ग्लुकोज किंवा अॅसिटाइल गट चढला का, हे तिथून कळेलच असं नाही. शिगेला फ्लेक्सनेरी या ई. कोलायच्या जवळच्या जिवाणूत ही कामं करणारी जनुकं फाजबरोबर येतात आणि गुणसूत्रावर भलतीकडेच जाऊन बसतात. तू शोधलंस त्या जागेत ती सापडणार कशी?

के-१२ घे. १९२२ मध्ये वेगळा केलेला हा स्ट्रेन, अर्धं जनुकशास्त्र त्याच्यावर उभं आहे. ओ१६चा समूह त्याच्यात जवळजवळ पूर्ण आहे. फक्त एका जनुकात आयएस५ हा उड्या मारणारा डीएनएचा तुकडा घुसलाय, आणि तेवढ्यानं पेशीवर ओ-साखळी शून्य. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा आतड्यातला जिवाणू तर त्याहून बेरकी. त्याच्याकडे आठ शर्करा-आवरणांचे समूह आहेत आणि त्यांपैकी सातांचे प्रमोटर, म्हणजे जनुकं चालू करणारे डीएनएचे भाग, उलटसुलट फिरतात, त्यामुळे तो समूह कधी चालू, कधी बंद. एकाच कॉलनीतल्या दोन पेशी घेतल्या तरी आवरणं वेगळी निघू शकतात. आणि फरक मोठाच असावा लागतो असंही नाही. कॉलऱ्याच्या ओ१मधले ओगावा आणि इनाबा वेगळे ओळखले जातात ते साखळीच्या टोकाच्या शर्करेवर एक मिथाइल गट आहे की नाही, एवढ्यावरून. म्हणून पुन्हा सांगतो, साखर बघ.

माझ्या हेकटपणाच्या गोष्टी तुझ्या कानावर आल्या असतीलच. जेल, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करून दाखवणारा पट, दाखवल्याशिवाय मी मुलांना पृष्ठभागाबद्दल एक वाक्य लिहू देत नसे. त्यापायी एकाचा पेपर रखडला, दुसऱ्या गटानं तेच काम आधी छापलं, आणि तो मुलगा माझ्याशी आजतागायत धड बोलत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण त्या छापलेल्या पेपरात जनुकांचे रंगीत बाणच बाण होते, जेल एकही नव्हतं. असल्या पेपरावर त्याचं नाव असायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. असो, हे तुझ्या कामाचं नाही.

तुझ्या कामाचं हे: दोन्ही कल्चर सारख्या घनतेला आणून पेशी एसडीएस बफरमध्ये उकळ, प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज के घाल, ६० अंशांवर तासभर ठेव, जेलवर शेजारशेजारच्या लेनमध्ये चालव आणि सिल्व्हर स्टेन कर. शिडी दिसली तर साखळी आहे; एकेक पायरी म्हणजे एकेक वाढलेलं एकक. नुसता तळाशी जाड पट्टा असेल तर तो रफ, म्हणजे ओ-साखळी नसलेला. दोन्हीकडे शिडी असून पायऱ्यांमधलं अंतर किंचित वेगळं पडलं, तर एककावरच काहीतरी चढलंय, आणि मग तुझ्या हातात प्रबंधाचं एक प्रकरण आहे. शिड्या हुबेहूब निघाल्या तर फाजचा ग्राहक, म्हणजे तो पेशीवर चिकटतो तो रेणू, कदाचित प्रथिन असेल, किंवा ओ-साखळीऐवजी पेशीभोवतीच्या कॅप्सूलमध्ये गोम असेल. ते पुढे बघू. गाईडशी वाद घालू नकोस, जेलचा फोटो टेबलावर ठेव.

आणि कल्चर कुठून घेणार आहेस? रोज प्लेटवरून प्लेटवर फिरवलेलं नको. लॅबमध्ये फार काळ वाढवलेले स्ट्रेन ओ-साखळी गमावून बसू शकतात, मग तू भलताच फरक मोजत बसशील. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधली सगळ्यात जुनी कुपी काढ, दोन्हींची.