कवितेतून कादंबरी लिहिणारी एलिझाबेथ असेवेडो कोण? दहावीतल्या मुलीला तिची पुस्तकं द्यावीत का?

भाचीने 'द पोएट एक्स' मागितलंय तर निर्धास्तपणे द्या. अख्खी कादंबरी कवितेत म्हटल्यावर ती दहावीच्या मुलीला कितपत झेपेल, असं तुम्ही विचारलंय. झेपते, उलट भरभर वाचून होते. लेखिका मुळात मंचावरची कवयित्री आहे, त्यामुळे ओळी बोलल्यासारख्या येतात.

असेवेडोचा जन्म १९८८ सालचा, न्यूयॉर्कचा. आईवडील डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातून आलेले. लहानपणी तिला रॅपर व्हायचं होतं. शाळेत असतानाच ती स्लॅममध्ये, म्हणजे कविता सादरीकरणाच्या स्पर्धांत उतरली आणि पुढे राष्ट्रीय पातळीवर जिंकलीही.

कादंबरीकडे मात्र तिला एका विद्यार्थिनीने वळवलं. मेरीलँडमध्ये ती आठवीला इंग्रजी शिकवायची, वर्गात बहुतेक मुलं लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या घरांतली. एक मुलगी काही केल्या पुस्तक हातात घेईना. विचारलं तर म्हणाली, यात आमच्याबद्दल एकही पुस्तक नाही. असेवेडोने तशी पुस्तकं शोधून आणून दिली. मुलीने ती संपवून आणखी मागितली, आणि आणखी द्यायला फारसं काही नव्हतंच!

नंतर एम.एफ.ए., म्हणजे लेखनातली पदव्युत्तर पदवी करताना तिने उंदरावर कविता लिहायचं ठरवलं, तर कवितेला शोभेल इतका उंदीर उदात्त नाही असं तिला ऐकवण्यात आलं. तिने ती लिहिलीच. तिची ही कविता मला फार आवडते, कारण ज्याला कुणी जवळ करत नाही त्याची बाजू घेण्याचा तिचा हट्ट त्यात स्पष्ट दिसतो.

'द पोएट एक्स' २०१८ साली आली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली पंधरा वर्षांची शियोमारा आईपासून लपवून वहीत कविता लिहिते. आई कडक धार्मिक. वही आईच्या हाती लागते आणि आई ती जाळून टाकते. आईशी, देवाशी, स्वतःच्या वाढत्या शरीराशी चाललेला झगडा यात उघडपणे येतो. काही पालक अवघडतील, पण मला वाटतं याच वयात तो वाचायला हवा. या पुस्तकाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड, किशोरांच्या पुस्तकांसाठीचा प्रिन्ट्झ पुरस्कार आणि ब्रिटनचं कार्नेगी पदक मिळालं.

तरी माझ्या मते तिचं सर्वांत ताकदीचं पुस्तक म्हणजे 'क्लॅप व्हेन यू लँड' (२०२०). १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून डॉमिनिकन राजधानी सांतो दोमिंगोला निघालेलं विमान न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात कोसळलं, २६५ माणसं गेली. त्या आघातातून हे पुस्तक आलं. यात अशाच अपघातात वडील गेल्यावर दोन मुलींना, एक न्यूयॉर्कची, एक डॉमिनिकन रिपब्लिकमधली, कळतं की आपण सावत्र बहिणी आहोत. दोघी आळीपाळीने बोलतात आणि दोघींच्या कवितांची ठेवण वेगळी आहे. एका मुलीचं दुःख दुसरीपेक्षा किती निराळं, हे त्या ठेवणीतूनच जाणवतं.

'विथ द फायर ऑन हाय' (२०१९) गद्यात आहे, स्वयंपाकात रमणाऱ्या एका तरुण आईची गोष्ट. २०२२ मध्ये पोएट्री फाउंडेशन या अमेरिकेतल्या कवितेसाठी काम करणाऱ्या संस्थेने तिला तरुण वाचकांसाठीची राजकवी नेमलं.

भाचीला आधी 'द पोएट एक्स'च द्या. इंग्रजी वाचायला जड गेलं तर ऑडिओबुक घ्या, ते असेवेडोने स्वतः वाचलंय.