पळून पोहणं सुधारतं का?

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची, फ्रीस्टाइल करते. पावसाळ्यात तलाव बंद, म्हणून रोज पाच किलोमीटर पळवतो. डिसेंबरात मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेत उतरवायचं आहे. फायदा होईल? – एक पालक, सांगली

उत्तर : दमसास टिकेल, हात मात्र आहेत तिथेच राहतील. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेतात ते मुख्यतः हात. शिवाय पळणाऱ्यांचे घोटे बऱ्याचदा ताठ असतात. माझ्याकडे आलेला एक धावपटू फळी धरून पाय मारायचा आणि चक्क मागे सरकायचा! पाऊल मागे सरळ ताणलं जात नाही, पाणी अडवत राहतं. मुलीला रोज थोडा वेळ वज्रासनात बसवा. पळणं आठवड्यातून दोनदा पुरे. उरलेले दिवस रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून, कमरेत वाकून ओढायला लावा. कोपर उंच हवं. ते खाली यायला लागलं की तिथेच थांबवा, थकल्या हाताने चुकीची सवय लागते. खांदा दुखत नसेल तर दंड, प्लँकही. बैठका-उड्या तलावातल्या स्टार्टला, टर्नला कामाच्या; समुद्रात टर्नला भिंत कुठली? तलाव उघडला की पहिला आठवडा घड्याळ खिशात ठेवा.