बिल्ला घेतलास तर परत कर: सेमाफोर शिकणाऱ्यासाठी

तुझा प्रोग्राम अधूनमधून गोठतो आणि तुला सेमाफोरचाच संशय येतोय. आधी एक चित्र डोळ्यांसमोर आण. आपल्या निपाणी-संकेश्वरकडं गळीत हंगामात साखर कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. समज, वजनकाटे ३ आहेत, म्हणून बिल्लेही ३. बिल्ला मिळाला तोच काट्यावर जाणार, बाकीचे थांबणार. ट्रॅक्टर म्हणजे थ्रेड, प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं; आणि सेमाफोर म्हणजे ही बिल्ल्यांची मोजदाद. डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं ती १९६०च्या दशकात मांडली.

तुझ्याकडं बहुतेक बिल्ला घेऊन ट्रॅक्टर परस्पर घरी जातोय. अक्वायर झालं (बिल्ला घेतला), मध्येच एक्सेप्शन आलं, म्हणजे चालताना चूक झाली, आणि बिल्ला परत करणारी रिलीजची ओळ चाललीच नाही. असं ३ वेळा झालं की पुढचे सगळे थ्रेड उभेच. म्हणून रिलीज फायनलीमध्येच लिही, म्हणजे ट्रायमधल्या कोडमध्ये चूक झाली तरी चालणाऱ्या भागात. पायथन असेल तर सरळ ‘विथ’ वापर, तो बिल्ला आपोआप परत करतो. अक्वायर मात्र ट्रायच्या आधी ठेव, नाहीतर न मिळालेला बिल्लाही परत करून बसशील. मग चौथा बिल्ला तयार होतो आणि साधा सेमाफोर काही बोलत नाही. पायथनचा बाउंडेड सेमाफोर तिथंच एरर देतो. शिकताना तोच घे, माझं ऐक.

आणि हो, तिन्ही काट्यांवरची माणसं एकाच वहीत बेरीज करत असतील तर ३ बिल्ले ती वही सांभाळत नाहीत. तिला वेगळा म्युटेक्स लाव, म्हणजे एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप. दोन्ही लागत असतील तर सगळीकडं एकाच क्रमानं घे: आधी काटा, मग वही.