पत्रावर ‘परवानगी मिळणेबाबत’ लिहू नका

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. लेक नववीत, गणितात वर्गाच्या पुष्कळ पुढं, कॉलेजातले सर रविवारी शिकवायला तयार आणि शाळा म्हणते वरून परवानगी आल्याशिवाय पाठवणार नाही. आमच्या परभणीकडं अगदी हेच झालं होतं. मी हायस्कूलला गणित शिकवतो. आमचा खटाटोप गणित ऑलिम्पियाडसाठी, म्हणजे शाळकरी मुलांच्या अवघड गणित स्पर्धेसाठी होता.

आमचं सगळं जुळलं होतं. कॉलेजचे प्राचार्य हो म्हणाले, रविवारी फिजिक्सची लॅब उघडायला माणूस तयार, पैसे कुणी मागितलेच नव्हते. शाळेनं फक्त एका कार्यालयाला (नाव घेत नाही) पत्र दिलं, विषय ‘परवानगी मिळणेबाबत’. झालं, तिथंच अडकलं. आधी विचारलं खर्च कोणत्या हेडखाली, खर्चच नाही म्हटलं तर सामंजस्य करार आणा, करार नेला तर दोन्ही संस्थांचे ठराव जोडा, ठराव जोडले तर म्हणे वरून मार्गदर्शन मागवलंय. तोवर आयओक्यूएमची (ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा) नोंदणी संपली, सरांची बदली झाली आणि लेकरं बोर्डाच्या मागं लागली. सरळ नाही म्हटले असते तर दुसरा मार्ग तरी धरला असता, पण नाही कुणी म्हणतच नाही, फाईल नुसती दाबून ठेवतात. एवढी हुशार पोरं होती हो, अजून चीड येते.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही असं केलं, आणि तुम्हीही हेच करावं असं माझं मत: पालकांची लेखी संमती, शाळा समितीचा ठराव, सोबत एक शिक्षक, आणि वर फक्त ‘माहितीस्तव सादर’ असं पत्र देऊन पोच घ्यायची. अनुदानित, जिल्हा परिषद, प्रत्येकाचे नियम वेगळे, तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलूनच करा, माझ्या भरवशावर नको. आणि कॉलेजकडून कागद घ्यायचाच तर त्यात कोण शिकवणार, कोणत्या रविवारी, किती वाजता हे लिहून घ्या. नुसत्या कराराचा फोटो पेपरात येतो आणि नंतर कुणी फिरकत नाही.

लातूरला कोचिंगच्या फाउंडेशन बॅचला टाका असं बरेच सांगतील. नीट-जेईईसाठी असेल चांगलं, पण आयओक्यूएम वेगळं आहे. ३ तासांत ३० प्रश्न, उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक, पर्यायच नाहीत, त्यामुळं अंदाजपंचे चालत नाही. कॅल्क्युलस लागत नाही, नंबर थिअरी (संख्यांचे गुणधर्म), कॉम्बिनेटोरिक्स (किती प्रकारे होईल ते मोजणं), भूमिती आणि बीजगणित लागतं. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत, एकेका गणितावर दोन-दोन दिवस बसू द्या तिला, उत्तर लगेच दाखवू नका. परीक्षा साधारण सप्टेंबरात असते, नोंदणी त्याच्या बरीच आधी बंद होते, आणि बारावीपर्यंत देता येते, म्हणजे यंदा हुकलं तरी घाबरू नका.

धाकटं कुणी आठवीत असेल तर एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. सरकारी-अनुदानित शाळेतल्या, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांची त्यात निवड झाली तर नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नववीत गेल्यावर ती परीक्षा देता येत नाही.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर शाळेचा मोफत पास कॉलेजच्या रूटला चालेलच असं नाही, पण मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहेच.

आमच्या पत्राचा नमुना हवा असेल तर सांगा, शाळेचं नाव काढून इथंच टाकतो.