गोव्यात फोनवर 5जी दिसतं, तरी डिसेंबरात कळंगुटला व्हिडिओ अडकतो. असं का? आणि कंपन्या यावर काय करतायत?

मी गोव्यातच मोबाइल नेटवर्कच्या प्लॅनिंगचं काम करतो. माझ्या मते आपल्याकडे हवेतला भाग, म्हणजे टॉवर ते फोन, झपाट्याने सुधारला; जमिनीतला, म्हणजे टॉवरपासून पुढची जोडणी, मागे राहिला.

टॉवरच्या एका दिशेला जी क्षमता असते, ती त्या भागातल्या सगळ्या फोनांत वाटली जाते. 4जीचा एक कॅरिअर, म्हणजे डेटा वाहून नेणारी लहरींची एक पट्टी, जास्तीत जास्त 20 मेगाहर्ट्झचा; पट्टी जितकी रुंद, तितका जास्त डेटा. 2022च्या लिलावात 3300 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला, त्यात 5जीचा एकच कॅरिअर 100 मेगाहर्ट्झपर्यंत रुंद करता येतो. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला देशात 5जी सुरू झालं. सोबत नवे अँटेना आले. एकाच पेटीत 32 किंवा 64 ट्रान्समीटर असतात आणि सिग्नल सगळीकडे न उधळता ज्या फोनला हवा त्याच्याकडे वळवला जातो. किनाऱ्यावर सगळेच एका वेळी रील टाकत असतात, तेव्हा खरी मदत याची होते.

पण हा पट्टा भिंतींपुढे दबतो. आपली जुनी चिऱ्याची घरं बघा, अंगणात 5जी छान मिळतं आणि आतल्या खोलीत फोन 4जीवर उतरतो. 700 मेगाहर्ट्झ आत शिरतो, लांबही जातो, मात्र रुंदी कमी म्हणून वेग बेताचाच. शिवाय काही नेटवर्कांचं 5जी हे 4जीच्या आधारावर चालतं. तिथे वर 5जी लिहिलेलं असलं, तरी त्या क्षणी डेटा 4जीवरूनच येत असू शकतो.

आता जमिनीतलं. टॉवरवरचा डेटा पुढे न्यायला फायबर लागतं. ते नसेल तिथे मायक्रोवेव्हची डिश बसवतात, म्हणजे डेटा केबलविना एका डिशवरून दुसरीवर पाठवतात. त्यातला ई-बँड, म्हणजे 80 गिगाहर्ट्झच्या आसपासचा, सेकंदाला काही गिगाबिट सहज नेतो, पण मुसळधार पावसात तो क्षीण होतो. आपल्या जुलैच्या पावसाचा हिशेब धरला की दोन डिशांमधल्या लिंकचं अंतर आखूडच ठेवावं लागतं. मग उरतं फायबर, आणि ते टाकायचं म्हणजे जांभा फोडणं, पंचायतीपासून पीडब्ल्यूडीपर्यंत परवानग्या, आणि पावसाळ्यात खोदकाम बंद. सत्तरी-सांगेच्या वरच्या गावांकडे जाताना वाटेत अभयारण्यही येतं. खांबांवरून केबल ओढली तर स्वस्त पडते, पण एक माड कोसळला की लिंक तुटते. 1 जानेवारी 2025पासून राइट ऑफ वेचे, म्हणजे केबल आणि टॉवरसाठी जागा वापरू देण्याचे, नवे नियम देशभर लागू झालेत. परवानग्यांना त्यात मुदत घातली आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते.

गोव्यातली गर्दी एका जागी राहत नाही, ही आणखी एक अडचण. डिसेंबरात ती कळंगुट-बागाला असते. चवथीला उलटं होतं, पणजी-म्हापशातले फ्लॅट बंद आणि सगळे गावच्या घरी. एरवी मोजके फोन असलेल्या वाड्यावर मुंबईहून आलेली भावंडं आरतीचा व्हिडिओ कॉल लावतात. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेसारख्या ठिकाणी चाकांवरचा टॉवर, ज्याला आम्ही कॉव म्हणतो, आणून उभा करता येतो. प्रत्येक वाड्यावर तो नेणं शक्य नाही, तिथे कायमची साइटच, म्हणजे पक्का टॉवरच, हवी.

आणि नेमकी तीच गावातले लोक होऊ देत नाहीत. रेडिएशनची भीती मी हसण्यावारी नेत नाही, घरात लहान मुलं असली की माणूस विचारणारच. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. भारताने 2012मध्ये टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश केली. दुसरं म्हणजे टॉवर जितका लांब, तितकी जास्त ताकद तुमच्या फोनला लावावी लागते, आणि फोन तर कानाला चिकटलेला असतो. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवरची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीही करून घेता येते. तुमच्या ग्रामसभेत टॉवरचा विषय आला, तर आधी जवळच्या चालू टॉवरची मोजणी मागवा आणि ते आकडे सभेपुढे ठेवूनच हो किंवा नाही ठरवा.