कॅम्पर व्हॅनमध्ये बाराही महिने राहायचे असल्यास

दिवाळीनंतर आंजर्ल्याला किंवा गुहागरला चार दिवस मुक्काम करून आलेल्या माणसाला व्हॅनमधील कायमच्या राहणीचा अंदाज येतोच असे नाही. सहलीत शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, घरी परतल्यावर रिकामी करता येते. कायमच्या वास्तव्यात मात्र हे काम दोघांच्या कुटुंबाला दर दोन-तीन दिवसांनी करावे लागते, आणि किनाऱ्यावर त्याची रीतसर सोय सहसा नसल्यामुळे, ज्याच्याकडे विहीर व सेप्टिक टँक दोन्ही आहेत अशा एखाद्या वाडीमालकाशी मासिक भाडे आधीच ठरवून ठेवावे.

खरी कसोटी जून ते सप्टेंबर या काळात लागते. ढगाळ हवेत छपरावरचे सौर पॅनेल बॅटरी पुरेशी भरत नाही, गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते, आणि खारा वारा चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, सांध्यांवर व ब्रेकच्या नळ्यांवर गंज चढवतो. त्यामुळे गाडीचा तळ वरचेवर गोड्या पाण्याने धुवावा व पावसाआधी गंजरोधक लेप देऊन घ्यावा. गाडी पुळणीत कधीही उतरवू नये. (भरती चढू लागली की रुतलेली गाडी ओढणारा ट्रॅक्टरवालाही हात जोडतो.) दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चढवण्यापूर्वी ओहोटीच्या वेळेची चौकशी करावी, कारण तेव्हा उतार तीव्र होऊन लांब गाडीचा मागचा भाग घासू शकतो.

माझ्या मते, स्वतःची गाडी घेण्याआधी एक पावसाळा भाड्याच्या गाडीत काढावा.